नव्या घरातली जुनी केरसुणी

मनूचा मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, कारण मी या वह्या लिहायला घेतल्यापासून सून दोनदा विचारून गेली, की आई, सगळ्यांबद्दल चांगलंच लिहून राहिल्या ना? चांगलंच लिहायचं असेल तर माणसाने लग्नपत्रिका लिहाव्यात. मनू माझी आतेबहीण. माझ्याहून दीड वर्षाने मोठी, माझ्याइतकीच सावळी, नाकीडोळी माझ्यापेक्षा काही फार उजवी नव्हे. तरी ती आमच्या घरात आली त्या उन्हाळ्यापासून पुढे कितीतरी वर्षं तिच्या ताटातली पोळी मला माझ्या ताटातल्या पोळीपेक्षा मऊ दिसत राहिली. आणि या सगळ्याची सुरुवात झाली एका घराच्या सफाईपासून.

परवा नातवाच्या नव्या फ्लॅटची सफाई झाली. कंपनीचे कपडे घातलेली दोन माणसं आली, त्यांनी एक घोंघावणारं यंत्र सगळीकडे फिरवलं आणि तीन तासांत किल्ली हातात देऊन निघून गेली. मी राजेंद्र नगरहून मुद्दाम गेले होते. खुर्चीवर बसून पाहिलं. खिडक्यांच्या खाचा तशाच राहिल्या होत्या, दारांच्या मागे कोणी गेलंच नव्हतं. मी तोंड उघडलं नाही. पण घरी आले आणि आमच्या पलासियाच्या घराचे ते आठ दिवस डोळ्यांपुढून हलेनात, म्हणून आज हेच प्रकरण लिहायला बसले.

तेव्हा आम्ही राजवाड्याच्या मागच्या गल्लीत, माडीवरच्या दोन खोल्यांत राहत होतो. पणजोबांपासून घरातला पुरुष होळकरांच्या दफ्तरात. नानाही तिथेच चिकटले. मग संस्थान गेलं, मध्य भारत आला, आणि नव्या सरकारचं बस्तान उन्हाळ्यात इंदूरला तर थंडीत ग्वाल्हेरला असं ठरलं. फायलींच्या पेट्या गाडीत चढायच्या आणि त्यांच्या मागोमाग आमचे नानाही चढायचे. आंबा जसा हंगामात येतो तसे नाना आमच्याकडे हंगामात यायचे. त्यामुळे ते इंदुरात असले, की त्यांच्यातली एक फोडही मी कोणाला देत नसे. भावंड मला नव्हतं. आई म्हणायची, एकटी आहे म्हणून हावरट झाली आहे. ते खरंच होतं.

पलासियाला आज रस्ता ओलांडायचा म्हणजे देवाचं नाव घ्यावं लागतं. तेव्हा पलासिया म्हणजे गावाबाहेर. तिथे एका बंगल्याच्या मागच्या बाजूला तीन खोल्यांची जागा नानांनी पाहून ठेवली होती. अगोदर त्या खोल्यांत बंगल्यातल्या बग्गीचं सामान आणि गवताच्या पेंढ्या असायच्या. मग बग्गीही गेली आणि गवतही गेलं, उरली कबुतरं. पहिल्यांदा दार उघडलं तेव्हा आईने नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "हे घर आहे का खुराडं?" नाना हसले. त्यांनी मला हाताला धरून आत नेलं. बाहेरची मोठी खोली, मागे स्वयंपाकाची, आणि पूर्वेला एक चिमुकली खोली, जिच्या खिडकीतून विहीर आणि कडुलिंब दिसायचा. "ही विमलची," नाना म्हणाले. "अभ्यासाला." माझं स्वतःचं म्हणावं असं तोवर एक कोनाडासुद्धा नव्हता. मी त्या खोलीच्या मधोमध उभी राहिले. पायाखाली कबुतरांची शीट चांगली बोटभर होती, पण ती माझ्या खोलीतली होती.

आखातीजेचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, मुहूर्त धरला होता आणि हाताशी आठ दिवस होते. शाळेला सुट्टी होती. आईची सफाई म्हणजे एक शास्त्र होतं आणि त्यात कोणाचं काही चालत नसे. पहिल्या दोन दिवसांत पाण्याचा थेंबही नाही, सगळं कोरडं. वरून खाली यायचं, आतून बाहेर जायचं. जमीन झाडण्याआधी ओला कडुलिंबाचा पाला अंथरायचा, म्हणजे धूळ उडत नाही. "केर उडवायचा नसतो, बसवून काढायचा असतो," हे वाक्य मी त्या आठवड्यात शंभरदा ऐकलं. तिसऱ्या दिवशी पाणी. विहिरीवरून पाणी आणायला गेंदाबाई नावाची एक मालवी बाई ठेवली होती. ती दोन घागरी डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन यायची आणि दारात उभी राहून रोज तेच म्हणायची, "बाई साब, यो घर तो कुओ पी जायगो." मी आणि आई खुरप्याने फरशी खरवडायचो, मग राख आणि नारळाची शेंडी घेऊन घासायचो. हाताची कातडी सोलली. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

दुपारी कडुलिंबाखाली बसून आम्ही दशम्या आणि कैरीचा तक्कू खायचो. नाना कचेरीतून येताना कागदाच्या पुडीत शेव आणायचे आणि खिशात शेवेवर भुरभुरायच्या जिरावण मसाल्याची वेगळी पुडी. कधी खरबूज. त्या खरबुजाचा वास आणि ओल्या चुन्याचा वास माझ्या डोक्यात असा एक झाला आहे, की आजही घराला रंग देताना मला खरबूज खावंसं वाटतं. चुना मी स्वतः कालवला होता. त्यात डिंकाचं पाणी आणि नीळ. इतर खोल्यांना आईने तिच्या मापाने नीळ घातली, पण माझ्या खोलीची बादली मी आईची पाठ फिरल्यावर परत ढवळली आणि पुडीच्या पुडी त्यात ओतली. भिंती आभाळासारख्या निळ्या झाल्या, त्याही सारख्या नव्हेत, कुठे गडद ओघळ, कुठे फिकट. आई वैतागली. नाना बघून म्हणाले, "असू दे गं. बिलकुल आसमानी झाली." त्या दिवशी मी हवेत चालत होते.

चौथ्या दिवशी दुपारी मनू आली. गौतमपुऱ्याहून मोटारीने आतोबा, तिचे वडील, तिला घेऊन आले. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी. माझी आत्या म्हणजे मनूची आई, पौषात गेली होती. नानांची ही एकच बहीण. ती गेल्याचं कळलं तेव्हा मी रडले होते, पण अकरा वर्षांच्या पोरीचं रडणं ते, आठवड्यात वाळलं. मनूचं वाळलेलं नव्हतं. तिचा परकर आखूड झाला होता आणि पोलकं ढगळ, वेण्या तिने स्वतः घातलेल्या दिसत होत्या. मला वाटलं, बरं झालं, गप्पा मारायला कोणी आलं. तिने ट्रंक खाली ठेवली, परकर खोचला, आईच्या पाया पडली आणि विचारलं, "मामी, कुठून सुरुवात करू?" तिने पाणीसुद्धा मागितलं नाही. त्याच क्षणी मला ती नकोशी झाली.

आमच्या फरशीवर चुन्याचे शिंतोडे उडाले होते. पाण्याने ते जात नव्हते आणि खरवडले तर फरशीला चरे पडत होते. आई आदल्या दिवसापासून त्या डागांवर चिडचिड करत होती. मनूने ते पाहिले आणि आंबट ताक मागितलं. डागांवर ताक शिंपडलं, थोडा वेळ थांबली आणि फडक्याने पुसून घेतलं. फरशी लख्ख. आईच्या चेहऱ्यावर असा आनंद मी माझ्या पहिल्या नंबराला पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघर सारवायचं होतं, तिथे मातीची जमीन होती. मी सारवलं की हाताच्या फेऱ्यांचे सांधे दिसायचे. मनूने सारवलं तर जमीन एका हाताने एका दमात ओढल्यासारखी झाली. आई म्हणाली, "विमल, बघून घे जरा. काम असं असतं." चार दिवस मी खपत होते, माझे हात सोलले होते, आणि काम म्हणजे काय ते बघायला मला दारात उभं केलं गेलं.

नाना त्याच वेळी कचेरीतून आले. दारात थबकले. मनू पाठमोरी होती, शेणाचा हात गोल फिरत होता. नाना बराच वेळ बघत राहिले आणि मग कोणाला न उद्देशून म्हणाले, "अगदी ताईचा हात." त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "विमल, मनूला पाणी दे, सकाळपासून करून राहिली आहे." मी पाणी दिलं. देताना पेला मुद्दाम काठोकाठ भरला, म्हणजे तिच्या अंगावर सांडावा. तिने एक थेंब न सांडता तो प्यायला. माझ्या पोटात इतकं दुखायला लागलं, की आईने मला ओवा दिला.

संध्याकाळी आई मनूच्या केसांना तेल लावायची. रोज. माझ्या केसांना रविवारी. आपल्या जागी कोणी येऊन बसतंय आणि सगळे त्याला सरकून जागा करून देताहेत, हे लहानपणी जसं कळतं तसं पुढे कधी कळत नाही. पुढे माणूस त्याला शहाणपणाची नावं देतो. मी तेव्हा नावं दिली नाहीत. मी रात्री आईच्या कुशीत पडून मनूला मनातल्या मनात गौतमपुऱ्याच्या मोटारीत बसवायची आणि मग झोपायची.

मुहूर्ताच्या दोन दिवस आधी जेवताना नानांनी सांगून टाकलं. मनू आता इथेच राहणार. गौतमपुऱ्याला मुलींनी पुढे शिकायची सोय नाही आणि आतोबांना शेतीतून सवड नाही. शाळेत नाव घालू. आणि मग भाताचा घास घेत अगदी सहज म्हणाले, "ती छोटी खोली मनूला देऊ. विमल तर आईजवळच निजते." आतोबा खाली मान घालून जेवत होते. मनू माझ्याकडे बघत होती. नानांनी मला विचारलं, "का गं, चालेल ना?" मी म्हटलं, "हो." आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मला पुस्तकातून पाठ होती, तिचा अर्थ त्या दिवशी समजला. माझ्या सोललेल्या हातांनी, माझ्या चोरून घातलेल्या निळीने झालेली ती खोली, आणि नाना ती ताटातली कोशिंबीर वाढावी तशी वाढून मोकळे झाले होते.

आता केरसुणीचं सांगायला हवं, कारण माझ्या डोक्यात जे आलं ते तिच्यावरूनच. आमच्या आईचे घर बदलण्याचे काही नियम होते आणि त्यातला सगळ्यात कडक नियम केरसुणीचा. जुन्या घरची केरसुणी नव्या घरात न्यायची नाही. ती ज्या घरचा केर काढते त्या घरची असते, तिला सोबत नेलं की त्या घरचा केरही मागोमाग येतो, म्हणजे तिथली दुखणी, भांडणं, सगळं. नव्या घराला नवी केरसुणी, तिला हळदकुंकू वाहायचं आणि मगच ती जमिनीला लावायची. एवढ्या आठ दिवसांच्या सफाईलासुद्धा आईने वेगळे खराटे आणि फडे वापरले होते. आमच्या घरच्या केरसुण्या यायच्या गौतमपुऱ्याहून. दर दिवाळीला आत्या तिथल्या बाजारातून दोन केरसुण्या घेऊन पाठवायची, आणि शिंदीच्या पात्या आईच्या हाताला टोचतात म्हणून मुठीला जुन्या लुगड्याच्या काठाची पट्टी घट्ट गुंडाळून द्यायची. गेल्या दिवाळीला आलेल्या केरसुणीला हिरव्या माहेश्वरी लुगड्याचा लाल काठ होता. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत आत्या गेली. आई रोज त्या केरसुणीने झाडायची. तिच्या लेखी ती केरसुणी होती. माझ्याही.

आखातीजेच्या आदल्या संध्याकाळी गल्लीतल्या दोन्ही खोल्या झाडून झाल्या. आईने ती केरसुणी दारामागे उभी केली, तिला कुंकवाचं बोट लावलं, हात जोडले आणि म्हणाली, "झालं तुझं काम." मी ते पाहिलं आणि माझा बेत ठरला. सकाळी ती केरसुणी गोधडीत गुंडाळून न्यायची, मनूच्या ट्रंकेमागे ठेवायची आणि आईला ती सापडेल असं करायचं. चोरी केली तर आईने एकवेळ पोटात घातलं असतं, पण भरल्या घराची रीत मोडली तर नाही. खेड्यातली पोर, हिला रीतभात नाही, हिच्या पायगुणाने घरात पहिल्या दिवशी अवदसा आली, असं ती म्हणणारच. आतोबा पूजेनंतर दुसऱ्या दिवशी गौतमपुऱ्याला परत जाणार होते. त्यांच्यासोबत मनूही जाईल. माझी खोली मला. इतकं सरळ होतं सगळं. मला त्यात पापबिप काही दिसलं नाही, फक्त ट्रंकेमागे जागा पुरेल का एवढीच काळजी वाटली.

सकाळी दारात दोन टांगे उभे राहिले. आई देव घेऊन बसली, मनू कळशी घेऊन. मी म्हटलं, माझी पाटी राहिली, आणि पळत जिना चढले. दारामागे केरसुणी नव्हती. दुसऱ्या खोलीत पाहिलं, मोरीत पाहिलं. शेजारच्या मथुराकाकू गॅलरीत दात घासत उभ्या होत्या. मी त्यांना विचारलं, "काकू, दारामागची केरसुणी कोणी नेली?" त्या म्हणाल्या, "मला काय मालूम? तुला कशाला हवी आहे आता ती?" मी तशीच खाली आले आणि टांग्यात बसले. मनू माझ्याकडे बघून थोडी सरकली, मला ऐसपैस बसता यावं म्हणून. तेही मला सहन झालं नाही.

नव्या घराच्या दाराला आंब्याचं तोरण होतं. आईच्या हातात दिवा. मागून कुमारिकेने भरली कळशी घेऊन आत यायचं असतं, ते मनूने केलं. माझ्या हातात मिठाची बरणी. मीठसुद्धा शुभच असतं असं आई मला म्हणाली, म्हणजे माझं तोंड तिने पाहिलं होतं. मग नव्या केरसुणीला हळदकुंकू, तेही मनूच्या हाताने, कारण जमीन तिने सारवली होती. मग आईने शेगडी पेटवून पूर्वेकडे तोंड करून दुधाचं पातेलं चढवलं. दूध उतू जाईपर्यंत सगळ्यांनी भोवती उभं राहायचं. मी उभी राहिले नाही. मी छोट्या खोलीत गेले. निळ्या भिंतीला टेकून मनूची वळकटी ठेवलेली होती. मी तिला लाथ मारली. खरंच मारली. दोरी सैल होती, वळकटी उलगडली, आणि सतरंजी आणि उशीच्या मधून लाल काठाची मूठ बाहेर आली.

देव पावतो म्हणतात तो असा. मी जे खोटं करायला निघाले होते ते मनूने स्वतःच खरं करून ठेवलं होतं. मी केरसुणी उचलली आणि बाहेर सगळ्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिले. आई, नाना, आतोबा, दारात गेंदाबाई. मी म्हटलं, "मनूने जुनी केरसुणी घरात आणली. वळकटीत लपवली होती."

आईचा चेहरा मला हवा होता तसा झाला, आधी पांढरा आणि मग लाल. ती हळू म्हणाली, "मनू, तुला रीत माहीत नव्हती का?"

मनू म्हणाली, "माहीत होती, मामी."

"मग?"

"मूठ आईने बांधलेली आहे," मनू म्हणाली. "तिथे राहिली असती, तर कोणी चुलीत घातली असती." मग म्हणाली, "मी वापरणार नव्हते. फक्त ठेवणार होते."

नाना पुढे आले आणि त्यांनी माझ्या हातातून केरसुणी घेतली. तो लाल काठ त्यांनी अंगठ्याने चाचपला. ते लुगडं त्यांनीच एका जुन्या भाऊबीजेला आत्याला ओवाळणीत घातलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या माणसाने उभ्या आयुष्यात केरसुणीला हात लावलेला नव्हता आणि आता ती छातीशी धरून ते नवीन घरात, सगळ्यांसमोर, आतोबांसमोरसुद्धा, रडत होते. माझ्या वडिलांना मी रडताना पाहिलं ते तेवढंच. ते मनूकडे बघून रडत होते. मी तिथेच होते, हातभरावर, पण माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

तेवढ्यात दूध उतू गेलं. निखाऱ्यांवर चर्र झालं आणि करपल्याचा वास सुटला. आई त्या शेगडीकडे बघत राहिली. तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला आता कळल्यासारखं वाटतं, कारण माझी आई नियम मोडणाऱ्यांतली नव्हती आणि माणूस मोडणाऱ्यांतलीही नव्हती. ती पदराने कपाळ पुसून म्हणाली, "दूध आत्ता उतू गेलं ना? म्हणजे घर आत्ता सुरू झालं. त्याच्या आधी जे आलं ते सफाईचं सामान. खराटे आले, खुरपी आली, तशी हीसुद्धा आली." आणि मनूला म्हणाली, "जमिनीला लावायची नाही मात्र. समजलं?" गेंदाबाईने दारातूनच मान डोलावली, "हऊ बाई, या तो सफई को सामान है." दोन बायकांनी मिळून शास्त्र सोडवलं आणि माझा खटला निकालात निघाला.

नानांनी हातोडी मागितली. त्यांनी छोट्या खोलीत जाऊन, माझ्या आसमानी भिंतीत, सगळ्यात छान निळा उतरला होता तिथे, खिळा ठोकला आणि ती केरसुणी मुठीने वर टांगली. मग बाहेर येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "विमल, खोली तुम्हा दोघींची." मला कोणी रागावलं नाही. रागावले असते तर मी सुटले असते. मी म्हटलं, मी आईजवळच निजेन. आणि पुढची चार वर्षं, मनूने किती वेळा बोलावलं तरी, मी त्या खोलीत निजले नाही. दुपारी जेवायला दालबाफले होते. मथुराकाकू जेवायला आल्या होत्या, त्या मनूशेजारी बसल्या आणि तिच्या कानाशी लागून बराच वेळ काही बोलत होत्या. मला वाटलं, तिचंच कौतुक.

मनू शिकली, शिक्षिका झाली. तिचं लग्न माझ्याआधी झालं आणि माझ्यापेक्षा चांगल्या घरी झालं, हेही लिहून ठेवते. आयुष्यभर ती माझ्याशी अशी वागली, की मला वाटायचं ही मुद्दाम करते. माझ्या बाळंतपणाला ती आली, हे गेले तेव्हा पंधरा दिवस राहिली, दर दिवाळीला माझ्याकडे आधी फराळ पाठवायची आणि मग स्वतःच्या सुनांना वाढायची. मी घ्यायची आणि मनात म्हणायची, एवढं काय आहे हिला.

आम्ही दोघीही सत्तरी ओलांडून बसलो होतो, तेव्हा तिच्या मुलाने नवं घर घेतलं. आम्ही दोघी म्हाताऱ्या उगाच हातात ओली फडकी घेऊन तिथे खिडक्या पुसत बसलो होतो. ती एकदम म्हणाली, "विमल, तुला एक सांगायचं राहूनच गेलं. मथुराकाकूंनी मला त्या दिवशी पंगतीत सांगितलं होतं. सकाळी तू पळत वर गेली होतीस, आईची केरसुणी शोधायला."

माझा हात थांबला.

"मला वाटायचं, या घरात माझ्या आईची कोणाला काही पडलेली नाही," मनू म्हणाली. "आणि तू मात्र तिच्यासाठी माघारी गेली होतीस. मी तर भित्री, लपवून बसले असते. तू सगळ्यांसमोर आणलीस, म्हणून मामांना तो काठ दिसला. नाही तर ती माझ्या वळकटीतच सडली असती. मी हे कधी विसरले नाही गं."

मी तोंड उघडलं. खरं सांगते, सांगणारच होते. पण ती माझ्याकडे अशा काही विश्वासाने बघत होती, की मी परत खिडकी पुसायला लागले. ती म्हणाली, "तिथे डाग राहिला बघ." मी तो डाग पुसला.

मनूला जाऊन आता तीन वर्षं झाली. तिच्या मुलीने मला एक पुडी आणून दिली. आईने सांगून ठेवलं होतं, हे विमलमावशीलाच द्यायचं. त्यात तो लाल काठ होता, केरसुणीच्या पात्या केव्हाच झडून गेल्या असणार. मनूचा हेवा करण्यासारखं आता काही उरलेलं नाही. पण तिच्या मनात एक विमल होती, अकरा वर्षांची, आत्याच्या आठवणीसाठी जिना चढून माघारी धावणारी. तिच्यावर मनूने साठ वर्षं माया केली, तिला फराळ पाठवला, तिच्या बाळंतपणाला आली. माझ्या वाट्याला आलं ते सगळं तिचं होतं. आता मला त्या विमलचा हेवा वाटतो, आणि तिला कुठल्या मोटारीत बसवून परत पाठवणार?

नातवाच्या घराची उद्या पूजा आहे. त्याच्यासाठी नवी केरसुणी मी स्वतः जाऊन आणली. आज दुपारी तिच्या मुठीला तो काठ गुंडाळायला घेतला होता. दोन वेढे दिले, तिसरा देता येईना. सोडवला, परत घडी केली आणि कपाटात ठेवून दिला.